गहू बंद, फिरती चालू

सीलिॲकचं, म्हणजे गहू कायमचा बंद करायला लावणाऱ्या आतड्याच्या आजाराचं, निदान घेऊन कुणी घरी आलं की आपल्या बेळगाव भागात धीर देणारं एक वाक्य ठरलेलं असतं: "गहू बंद ना? मग काय झालं, आपल्याकडं भाकरी आहेच की." बोलणं खोटं नाही. निपाणी, चिकोडी, संकेश्वरापासून अथणी, सौंदत्ती, रामदुर्गापर्यंत ज्वारीची भाकरी न मिळणारं बाजाराचं गाव शोधूनच काढावं लागेल. तरीही ज्यांची नोकरी फिरतीची आहे, म्हणजे औषध कंपनीचे प्रतिनिधी, साखर कारखान्यांची यंत्रं दुरुस्त करणारे, बँकांचे ऑडिटर, बियाणं-खतांचे विक्रेते, त्यांचं पथ्य घरी सहसा मोडत नाही आणि बाहेर पडलं की टिकत नाही.

याची दोन कारणं आहेत. भाकरी ज्वारीची आहे एवढं बघून माणूस निर्धास्त होतो आणि तिच्या आजूबाजूला काय चाललंय ते बघत नाही, हे एक. दुसरं म्हणजे जेवणाची वेळ चुकते. दुपारचे साडेतीन वाजलेत, पोटात काही नाही, समोर गरम उप्पीट किंवा मैद्याच्या भज्यांची परात आहे, अशा वेळी घेतलेला निर्णय चुकतोच. माझ्या मते हे दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं आहे. खाण्याची यादी पाठ असून भागत नाही, दिवस बांधून घ्यावा लागतो.

आधी थोडं मुळातलं. सीलिॲक ही साधी ॲलर्जी नाही. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते आणि अन्न शोषून घेणारी बारीक लव झिजत जाते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जात राहिलं तरी अस्तराला इजा होते, असं अभ्यासांत दिसलं आहे. साधारण अर्धा ग्रॅम कणकेत एवढं ग्लुटेन असतं. चपाती लाटताना पोळपाटावर भुरभुरतात त्या पिठातली ती एक चिमूट. 'थोडंसं चालतंय' हा हिशेब इथं का लागू होत नाही, ते या चिमटीवरून कळावं. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' छापायचं असेल तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं. आणि ज्यांना नुसता संशय आहे, निदान व्हायचं आहे, त्यांनी आपल्या मनानं गहू सोडू नये. आधीच सोडला तर टीटीजीची, म्हणजे सीलिॲक ओळखायची, रक्ततपासणी आणि आतड्याची बायोप्सी दोन्ही आजार असूनही चांगल्या येऊ शकतात.

आता भाकरीकडे. ती बिघडायला सुरुवात होते गिरणीत. गव्हाचं दळण झाल्यावर त्याच चक्कीत ज्वारी टाकली की दगडाच्या खाचांत, पिठाच्या नळीत आणि खाली बांधलेल्या कापडी पिशवीत अडकलेली कणीक तुमच्या पिठात उतरते. आधी मूठभर ज्वारी फिरवून टाकल्यानं चक्की साफ होत नाही. काही गिरण्यांत गव्हाला एक आणि ज्वारी-तांदळाला दुसरी चक्की असते, तिथंच दळावं. तरी हवेत उडणारी कणीक असतेच, म्हणून डबा झाकूनच न्यायचा आणि दळण संपल्यावर लगेच झाकायचा. घरात सीलिॲकचा माणूस असेल तर घरघंटी घेऊन ती फक्त ज्वारी, तांदूळ, नाचणी, बाजरीसाठी राखून ठेवणं हाच पक्का उपाय. दळण्याआधी शाळू ताटात पसरून निवडायचा. मळणी यंत्र, पोती, दुकानातला काटा सगळं तेच असल्यामुळे गव्हाचे दाणे त्यात सापडतात. निवडून झाल्यावर एकदा धुऊन कडक उन्हात वाळवला की वर बसलेलं पीठही जातं.

दळण एकदम मोठं करू नका. एका भाकरीला साधारण ६० ग्रॅम पीठ धरलं आणि दिवसाला तीन भाकरी म्हटल्या तर आठवड्याला सव्वा किलो पुरतं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग भाकरी थापताना कडेनं फुटते. अशा वेळी 'मूठभर कणीक घाल, जुळून येतंय' हा सल्ला घरातूनच येतो, आणि घरची भाकरी तिथं बिघडते. विरी गेलेल्या पिठाला कणकेची गरज नाही, उकळत्या आधणाची आहे. वाटीभर पिठाला पाऊण ते एक वाटी आधण घालून उलथन्यानं कालवायचं, पाच मिनिटं झाकून ठेवायचं आणि हाताला सोसेल तेव्हा रगडून मळायचं. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे पिठाला धरून ठेवतो तो उकडलेला स्टार्च. पाणी कोमट असेल तर तो उकडतच नाही.

खानावळीतली भाकरी बघायला शिकणं हे फिरतीवरच्या माणसाचं खरं काम आहे. तव्याजवळ जाऊन दोन मिनिटं उभं राहा. बाई परातीत पीठ घेऊन तळहातानं थापतेय, वरून ओल्या फडक्यानं किंवा हातानं पाणी फिरवतेय, तर बरं आहे. पोळपाटावर लाटणं चाललं असेल तर विचारायला हवं. निव्वळ ज्वारीचीही लाटता येते, उत्तर कर्नाटकात बऱ्याच घरांत लाटतात. पण गिऱ्हाईक वाढलं की लाटायला सोपं जावं म्हणून पिठात कणीक मिसळली जाते, किंवा लाटताना वरून लावायचं पीठ गव्हाचं असतं. ताटात आलेली भाकरी एक पाच मिनिटं बाजूला ठेवून दुमडून बघा. नुसत्या ज्वारीची गार होताच ताठ होते आणि घडीवर तडकते. गार झाल्यावरही रुमालासारखी मऊ दुमडली, घडीवर एक चीर पडली नाही, तर तिच्यात गहू असण्याची शक्यता फार. ही परीक्षा गरम भाकरीवर करू नये. तव्यावरून उतरलेली भाकरी कुठलीही असो, मऊच असते.

दुसरी गोष्ट तव्याची. एकाच तव्यावर चपाती आणि भाकरी आलटून पालटून भाजली जात असेल तर तव्यावर जळत असलेलं कोरडं पीठ तुमच्या भाकरीला चिकटतं. म्हणून जेवायला बारा ते साडेबाराच्या दरम्यान जावं. गर्दी सुरू व्हायची असते, तवा नुकताच पुसलेला असतो, आणि सांगितलेलं ऐकून घ्यायला स्वयंपाक्याला वेळ असतो. दीडच्या गर्दीत त्याच हातानं चपाती उलटून तुमची भाकरी उलटली जाणार, त्यात त्या माणसाचा दोष नाही. ताट वाढताना चपाती आधीच ठेवली गेली असेल तर ती उचलून बाजूला केल्यानं ताट शुद्ध होत नाही. दुसरं ताट मागा, संकोच करू नका.

बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठीतून काम भागतं. बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्गाकडे गेलात की कानडीतली चार वाक्यं तोंडात असावीत. "ननग गोधी आगूदिल्ल री, मैदा-रवा बेड." म्हणजे मला गहू सोसत नाही, मैदा-रवाही नको. "हिट्टिन्याग गोधी कूडस्तीरेन्री?" म्हणजे पिठात गहू मिसळता का? "इंगु हाकीरेन्री?" म्हणजे हिंग घातलाय का? 'ॲलर्जी', 'ग्लुटेन' हे शब्द भटारखान्यात पोचत नाहीत, गोधी पोचतो. आणि 'डॉक्टरांनी बंद केलंय' असं सांगितलं की पुढचा माणूस ते गंभीरपणे घेतो. पथ्याचा मान आपल्याकडे अजून आहे.

हिंगाचं का विचारायचं? बाजारात डबीत मिळतो तो बांधणीचा हिंग. शुद्ध हिंगाचा चीक फार उग्र असतो म्हणून तो पिठात आणि डिंकात बांधतात. ते पीठ बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं असतं, काही डब्यांत तांदळाचं. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचून घ्या. घरासाठी तांदळाच्या पिठातला किंवा खडा हिंग आणता येतो. बाहेर मात्र आमटी, सांबार, मसाला ताक, दहीभाताची फोडणी, लोणचं, पापड, सगळीकडे हा हिंग आहे. एका वाटीत जाणारा हिंग चिमटीच्याही अंशाएवढा, पण दिवसाला चार पदार्थांतून आणि आठवड्याला सहा दिवस गेला तर तो हिशेबात धरावा लागतो. म्हणून बाहेर जेवताना फोडणी नसलेलं मागावं: साधं दही, साधं ताक, कच्चा कांदा, काकडी, मुळा, मेथीचा पाला, शेंगदाण्याची किंवा कारळाची कोरडी चटणी. आपल्या भागातल्या खानावळीत भाकरीबरोबर हिरवा पाला आणि चटणी न मागता येते, हे या पथ्याचं मोठं भाग्य आहे. झुणकाही चालतो, पण बेसन कुठल्या गिरणीतलं आणि हिंग घातलाय का, हे दोन प्रश्न विचारूनच.

नाश्त्याला उडपी हॉटेल गाठायचं असेल तर इडली. तांदूळ-उडदाची, स्वतःच्या साच्यात वाफवलेली, ना तव्याचा संबंध ना तळणीच्या तेलाचा. इथं एका नावाचा घोटाळा लक्षात ठेवावा. 'इडली रवा' हा तांदळाचा असतो, तो चालतो. 'रवा इडली' ही गव्हाच्या रव्याची, ती अजिबात नको. डोशाला मी सहसा नाही म्हणेन. पिठात कुरकुरीतपणासाठी रवा किंवा मैदा घातलेला असतो, आणि नसला तरी त्याच तव्यावर पाच मिनिटांपूर्वी रवा डोसा झालेला असतो. पड्डू, म्हणजे आपले अप्पे, त्यापेक्षा बरे, कारण अप्पेपात्र वेगळं असतं. पीठ नुसतं तांदूळ-उडदाचं आहे ना, एवढं विचारायचं. चटणी घ्या, सांबार टाळा. उडीदवडा नावापुरता शुद्ध, कारण त्याच कढईत मैद्याचे गोळे तळलेले असतात. मिरची भजी, गोबी मंचुरियन, समोसा यांच्याकडे बघायचंही नाही. गोबीला मैदा लागतो, वर सोया सॉस, त्यातही गहू. गिरमिट मात्र चांगला आधार आहे: चुरमुरे, फुटाण्याचं पीठ, कांदा, टोमॅटो, चिंच-गुळाचा कोळ. मिसळायचं पातेलं-चमचा वेगळा आहे का आणि फोडणीत हिंग आहे का, हे पाहून घ्यावं.

दिसायला आपलं वाटतं आणि निघतं गव्हाचं, असे पदार्थही बरेच आहेत. मेतकुटात परंपरेनं गहू असतोच. सातूचं पीठ आपल्याकडं गहू आणि डाळं मिळून करतात, क्वचित जवाचं, दोन्ही बाद. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. पांढरीशुभ्र तळलेली कुरडई तांदळाची वाटते, ती गव्हाच्या चिकाची. उत्तर कर्नाटकात लग्नकार्यात 'हुग्गी' वाढतात ती गव्हाची खीर. बेळगावचे मांडे गव्हाचेच. कुंदा खवा-साखरेचा, गोकाकचा करदंट डिंक, सुका मेवा, खोबरं आणि गुळाचा, या दोन्हींच्या मूळ कृतीत गहू नसतो, तरी पाकीट वाचून आणि शेजारी त्याच चमच्यानं काय उचललं जातंय ते बघून घ्यावेत. माल्ट घातलेली दुधाची पेयं जवाची असतात. ओट्सही नकोत, ते वाटेत गव्हात मिसळलेले असतात.

याउलट फिरतीवर सगळ्यात भरवशाचा शब्द 'उपवासाचं'. साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, राजगिऱ्याचा लाडू, उकडलेलं रताळं. मराठी पद्धतीच्या उपवासाला गहू चालत नाही, हिंगही बहुतेक ठिकाणी घालत नाहीत, आणि पातेलं बऱ्याचदा वेगळं असतं. ग्लुटेन समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात, उपवास म्हटलं की पुढचा माणूस आपणहून काळजी घेतो. साबुदाणा वडा मात्र पुन्हा तळणीच्या कढईतला.

आता दिवसाच्या वेळा. फिरतीत पहिली चूक सकाळीच होते. सीलिॲकबरोबर थायरॉइड कमी असणारे आणि लोह कमी असणारे पुष्कळ जण असतात, म्हणजे गोळ्याही आल्या. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. घरी ते जमतं. साडेपाचला उठून सहाची गाडी पकडणारा माणूस स्टँडवर चहा घेतो आणि गोळी राहते, किंवा चहाबरोबरच जाते. यावर उपाय एकच: गोळी आणि पाण्याची बाटली लॉजच्या उशाशी ठेवायची आणि डोळा उघडताच घ्यायची, अंघोळीच्याही आधी. चहा मग अर्ध्या तासानंतर, गाडी वाटेत थांबेल तिथं घ्यायचा. लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवायचं. लोह चहा-कॉफीजवळ नको, कॅल्शियमबरोबरही नको. फिरतीवर सोपी मांडणी अशी बसते: पहाटे थायरॉइड, सकाळी अकराच्या आसपास लोह लिंबू-पाण्याबरोबर, रात्रीच्या जेवणानंतर कॅल्शियम. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा, पण ती फिरतीच्या वेळापत्रकात कुठं बसते ते निघायच्या आधी कागदावर लिहून बघा. नवीन गोळी सुरू झाली तर तिच्या भरणीत गव्हाचा स्टार्च नाही ना, हेही औषध दुकानदाराला एकदा विचारावं.

जेवणाला तीन वेळा ठरवा आणि कामाच्या भेटी त्यांच्या आजूबाजूला लावा: साडेआठला नाश्ता, साडेबाराला जेवण, रात्री आठला जेवण. मध्ये साडेचारला हातातलं खाणं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात किंवा साखर कारखान्यावर काम असेल तर साडेबाराचं जेवण हमखास हुकतं, कारण यंत्र उघडलेलं असतं. म्हणून तिथं जाताना दुपारचं जेवण डब्यातच हवं, कँटीनच्या भरवशावर जाऊ नये. खानावळीची आशा फक्त तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत काम असेल त्या दिवशी.

डब्यासाठी कडक भाकरीसारखी वस्तू नाही. तीन दिवसांच्या फेरीला रोज दुपारच्या जेवणाला तीन या हिशेबानं नऊ आणि वर तीन जादा, अशा बारा पुरतात. नेहमीपेक्षा पातळ थापायची, सहा इंचांच्या आसपास, म्हणजे स्टीलच्या सपाट डब्यात मावते. दोन्ही बाजूंनी भाजून झाली की आच मंद करून कोरड्या फडक्यानं कडेकडेनं दाबत राहायचं. फुगलेला पापुद्रा बसतो आणि वाफ निघून जाते. हातात घेतल्यावर हलकी लागली आणि टिचकीला टक् असा आवाज आला की झाली. मग चाळणीवर किंवा दोरीवर पूर्ण गार करायची. इथंच बहुतेकांची चूक होते. कोमट असताना एकावर एक रचून झाकण लावलं की आत वाफ धरते, दुसऱ्या दिवशी भाकरी चिवट आणि तिसऱ्या दिवशी बुरशीचा ठिपका. मधे अर्धा चमचा तीळ लावले तर चव वाढते. बाजारात बचत गटांच्या ज्वारी-बाजरीच्या कडक रोट्ट्यांची पाकिटं मिळतात, चांगल्या असतात, फक्त त्याच जागी चपात्या होतात का ते विचारून घ्या.

सोबत चटणी. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, सालं काढून, आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, चमचाभर जिरं आणि मीठ घालून जाडसर कुटायची. लसूण तेलात परतून पाणी उडवलं तर दहा दिवस टिकते, कच्चा घातला तर चार-पाच दिवसांत वास बदलतो. हिंग नको. एका जेवणाला दोन मोठे चमचे चटणी आणि वाटीभर दही, एवढ्यावर पोट भरतं. दही वाटेत विकत घ्यायचं, बंद पाकिटातलं. साडेचारच्या खाण्याला मूठभर शेंगदाणे-फुटाणे आणि दोन केळी. केळं हे सोललं जातं, त्याला कुणाचा हात लागत नाही, म्हणून ते बाजारातलं सगळ्यात निर्धोक अन्न.

रात्रीसाठी लॉजवर ३०० वॉटच्या आसपासचा छोटा भात-कुकर नेता आला तर बाहेरच्या अर्ध्या चिंता मिटतात. खोली घेतानाच विचारायचं, लपून लावायचा नाही. पंधराशे वॉटची किटली लावली की तालुक्याच्या लॉजमधला फ्यूज उडतो, कुकरनं उडत नाही. घरूनच पुड्या बांधायच्या: ६० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम मूगडाळ एका पुडीत, पाव चमचा हळद, जिरं, मीठ, थोडी मिरपूड दुसऱ्या छोट्या पुडीत. तांदूळ-डाळ धुऊन चारशे मिलिलिटर पाणी घालून लावली की अर्ध्या तासात मऊ खिचडी. अंघोळ होईपर्यंत ती तयार असते. चमचाभर तूप छोट्या बाटलीत न्यावं. स्वतःचं ताट, वाटी, चमचा आणि भांडी घासायचा नवा काथ्या सोबत असावा. लॉजच्या घासणीनं कणकेचं पातेलंही घासलेलं असतं.

पावसाळ्यात खानापूर, लोंढ्याकडे हवा इतकी दमट असते की कडक भाकरी डबा दोनदा उघडला की मऊ पडते. जेवणापुरत्या वेगळ्या पिशव्यांत बांधून न्या, एक जेवण एक पिशवी. एप्रिल-मे महिन्यात अथणी, रायबागकडे उलट अडचण, दही दोन तासांत आंबतं, तिथं ताक किंवा नुसता कांदा आणि चटणी. यल्लम्माच्या पौर्णिमेला सौंदत्तीकडच्या गाड्या आणि खानावळी भरून वाहतात, कुणाला काही समजावून सांगायची ती वेळ नव्हे. त्या दिवसांत दोन जेवणं जादा बांधा.

राहता राहिलं माणसांचं. गिऱ्हाईकाच्या घरी "जेवूनच जायचं" असा आग्रह होतो, आणि "एका चपातीनं काय होतंय" हे पुढचं वाक्य असतं. नाही म्हणण्यापेक्षा काय चालेल ते आधी सांगणं सोपं जातं: "वहिनी, साधा भात आणि दही द्या, फोडणी नको, मनापासून जेवतो." यजमानाला वाढल्याचं समाधान मिळतं, आणि भात-दही कुठल्याही घरात असतं. फक्त भात काढायचा पळा चपातीच्या डब्यात ठेवलेला नसावा. शिऱ्याचा प्रसाद आला तर हातात घेऊन कपाळाला लावायचा आणि शेजारच्याला द्यायचा, स्वतःसाठी नारळाचा तुकडा किंवा केळं मागायचं. प्रसाद नाकारला असं कुणालाही वाटत नाही.

इतकं करूनही एखादे दिवशी गहू पोटात जातो. त्याला उतारा नाही. ओकारी काढायचा प्रयत्न करू नये. काहींना दोन-चार तासांत पोट फुगणं, जुलाब, उलटी, काहींना दुसऱ्या दिवशी थकवा आणि डोकं जड, तर काहींना काहीच होत नाही, पण आतड्याला व्हायचं ते होतंच. जुलाब असतील तर ओआरएसचं पाकीट त्याच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, थोडं थोडं. खाणं दोन दिवस पेज, मऊ भात, केळं, ताक. रक्त पडलं, उलटी थांबली नाही किंवा लघवी कमी झाली तर जवळचा दवाखाना गाठायचा, घरी पोचायची वाट बघायची नाही. त्या दिवशी काय खाल्लं, कुठं, किती वाजता, एवढं वहीत लिहून ठेवावं. तीन-चार फेऱ्यांनंतर वही चाळली तर एक गोष्ट हमखास दिसते: चुका बहुतेक एकाच दिवशी आणि एकाच गावी होतात, जिथं दुपारचं जेवण हुकतं. तो दिवस ओळखला की त्या दिवसाचा डबा आदल्या रात्रीच भरायचा. टीटीजीची तपासणी निदानानंतर सहा महिन्यांनी आणि मग वर्षाला एकदा करतात. आकडा खाली येत नसेल तर डॉक्टरांकडे जाताना ही वही बरोबर न्या, त्यांचं निम्मं काम होतं.

परत आल्यावर डब्याच्या झाकणातली रबरी रिंग काढून वेगळी धुवा. तिच्या खाचेत पीठ साठतं, आणि घरात बाकीच्यांच्या चपात्या त्याच डब्यात ठेवल्या गेल्या असतील तर ते पीठ गव्हाचं असतं. खरं तर फिरतीचा डबा वेगळाच असू द्या, झाकणावर रंगाचा ठिपका द्या आणि घरातल्या सगळ्यांना तो ठिपका कशाचा ते सांगून ठेवा.